सर्व्हरचे ४८ थ्रेड लॅपटॉपच्या १६ थ्रेडपुढे मागे का पडतात?

पानगळ
आम्ही चारपाच जण मिळून स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं मजकुरात आणायचं काम करतो. पानं चाळीस हजारांच्या घरात आहेत. मजकूर ओळखण्यासाठी टेसरॅक्ट वापरतो. आजवर सगळं माझ्या लॅपटॉपवर चालत होतं. गेल्या आठवड्यात गटातल्या एकाने वापरातून काढलेला सर्व्हर मिळवून दिला. दोन प्रोसेसर, मिळून २४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ४८ थ्रेड (एका कोअरवर एका वेळी दोन कामं चालू शकतात म्हणून). आता काम चुटकीसरशी होणार अशी आमची खात्री होती.

काल ४८० पानांचा एक गठ्ठा दोन्हीकडे चालवून पाहिला. लॅपटॉपला २८ मिनिटं लागली, सर्व्हरला ५२. दोनदा केलं, तरी तेच. सर्व्हर खराब आहे, की मीच काही चुकतोय? गटातले बाकीचे मला विचारतायत आणि माझ्याकडे उत्तर नाही.

मोजपट्टी
सर्व्हर बहुतेक ठणठणीत असेल. दोन्ही प्रोसेसरची पूर्ण नावं द्या, आणि पानं तुम्ही एकामागून एक सोडता की एकदम अनेक, तेही सांगा. काम चालू असताना एचटॉप (कुठला थ्रेड किती कामात आहे ते पट्ट्यांनी दाखवणारा प्रोग्राम) उघडून किती पट्ट्या भरलेल्या दिसतात ते बघा. त्यावरूनच निम्मं उत्तर मिळेल.

पानगळ
सर्व्हरमध्ये दोन झिऑन ई५-२६८० व्ही३. लॅपटॉपमध्ये रायझन ७ ५८००एच. स्क्रिप्ट साधी आहे: एक पान घ्यायचं, मजकूर काढायचा, पुढचं पान घ्यायचं. एचटॉपमध्ये ४८ पैकी तीनचार पट्ट्या हलतात, बाकी सगळ्या रिकाम्या.

मोजपट्टी
मग सापडलं. २४ गडी कामावर बोलावलेत आणि काम एकाच्याच हाती दिलंय. बाकीचे नुसते उभे आहेत. अशा वेळी २४ चा आकडा निरुपयोगी, एकटा गडी किती चपळ आहे तेवढंच मोजलं जातं.

आणि एकट्याच्या शर्यतीत तुमचा लॅपटॉप जिंकणारच. ई५-२६८० व्ही३ हा २०१४ चा, हॅसवेल पिढीतला प्रोसेसर. मूळ वेग, म्हणजे क्लॉक, २.५ गिगाहर्ट्झ, एकदोन कोअरच चालू असतील तर ३.३ पर्यंत चढतो. ५८००एच हा २०२१ चा, झेन ३ पिढीतला. तो ४.४ पर्यंत जातो. नुसत्या क्लॉकने १.३३ पट फरक पडला. पण तुमचा फरक जवळजवळ १.९ पट आहे. उरलेला फरक कुठून आला, तर घड्याळाच्या एका ठोक्यात कोअर किती काम उरकतो त्यातून. मधल्या सात वर्षांत प्रोग्राम पुढे कुठल्या फांदीने जाणार याचा अंदाज बांधणं, एकाच वेळी जास्त सूचना हातात धरणं, कॅशमधून (कोअरजवळच्या छोट्या, जलद मेमरीतून) माल लवकर उचलणं, हे सगळं सुधारलं. गिगाहर्ट्झचा आकडा हे सांगत नाही, म्हणून वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ शेजारी ठेवून तुलना करू नये असं मी सगळ्यांना सांगत असतो.

एक मात्र तुमच्या नशिबाने बरं झालं. हा व्ही३ आहे. व्ही२, म्हणजे आधीच्या पिढीतला, असता तर त्यात एकदम अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या एव्हीएक्स२ या सूचनाच नसत्या, आणि टेसरॅक्टचं अक्षरं ओळखणारं जाळं (न्यूरल नेटवर्क) त्या सूचनांवर बराच भार टाकतं.

उंबरठा
थोडा वेगळा मुद्दा मांडतो. सर्व्हर जुना आहे म्हणून मागे पडला हे मान्य. पण नवा सर्व्हर घेतला तरी एका कोअरचा वेग चांगल्या लॅपटॉपपेक्षा कमीच असतो. मग ज्याला एका कोअरचं काम आहे त्याने सर्व्हरच्या नादी लागावंच का?

रातपाळी
मी अनेक वर्षं सर्व्हर सांभाळतो. उंबरठा म्हणतात ते खरं आहे. पण असं का होतं ते कळलं की सर्व्हरकडून कसली अपेक्षा ठेवायची तेही कळतं.

याला सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे एएमडीचा झेन ४. हाच कोअर रायझन ७ ७८४०एचएस या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये आहे आणि हाच एपिक ९६५४ या सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये. आराखडा एकच, त्यामुळे पिढीचा वाद उरत नाही. लॅपटॉपमध्ये असे ८ कोअर आहेत आणि ते ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातात. सर्व्हरमध्ये ९६ आहेत आणि ते ३.७ च्या वर जात नाहीत. कोअर तोच असून ५.१ चे ३.७ का झाले?

विजेमुळे. चिपमध्ये खर्च होणारी वीज क्लॉकच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. क्लॉक वर न्यायचं तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात. ९६५४ ला एकूण ३६० वॅट मिळतात. ९६ ने भागा: कोअरमागे पावणेचार वॅट. त्यातूनही मेमरी आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या मधल्या चिपचा वाटा वजा करायचा. एवढ्याशा विजेत कोअर जिथे सर्वांत काटकसरीने चालतो तिथेच त्याला ठेवावं लागतं. लॅपटॉपमध्ये एकच कोअर चालू असेल तर बाकी सातांच्या वाटणीची वीजही त्याला घेता येते.

बदल्यात सर्व्हरच्या कोअरला काय मिळतं तेही पाहा. ७८४०एचएसमध्ये आठ कोअर मिळून १६ एमबी तिसऱ्या पातळीची कॅश वापरतात. ९६५४ मध्ये दर आठ कोअरच्या गटाला ३२ एमबी, एकूण ३८४ एमबी. मेमरीचे १२ चॅनेल (रॅममधून माल आणणाऱ्या वाटा), म्हणजे डीडीआर५-४८०० जातीची रॅम लावली तर सेकंदाला ४६० जीबी एवढा माल आत येऊ शकतो. बाहेरची उपकरणं जोडायला १२८ पीसीआयई मार्गिका. शेकडो लोक एकाच वेळी डेटाबेसला प्रश्न विचारत असतील तिथे कोअरच्या चपळाईपेक्षा हा ऐवज जास्त कामाला येतो.

मोजपट्टी
रातपाळींनी दिलेली जोडी घेऊनच हिशोब करू. १९६७ मध्ये जीन ॲमडाल यांनी मांडलेला नियम सोपा आहे: कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो कितीही कोअर आणले तरी तेवढाच वेळ खातो.

समजा सर्व्हरच्या एका कोअरवर १०० मिनिटं लागणारं काम आहे आणि त्यातली ७५ मिनिटं वाटता येतात. ९६ कोअरवर २५ अधिक पाऊण मिनिट, म्हणजे २५.८ मिनिटं. लॅपटॉपच्या आठ कोअरवर २५ अधिक ९.४, म्हणजे ३४.४. पण लॅपटॉपचा क्लॉक ५.१ भागिले ३.७, म्हणजे १.३८ पट आहे. त्याने भागलं की २४.९ मिनिटं उरतात. ९६ कोअरचा सर्व्हर आठ कोअरच्या लॅपटॉपच्या मिनिटभर मागे!

आता तेच काम ९९ टक्के वाटता येण्यासारखं करा. सर्व्हर २ मिनिटांत मोकळा होतो, लॅपटॉपला ९.७ लागतात. मशीन तीच, फक्त कामाचा घाट बदलला. (सगळे कोअर एकदम चालले की दोघांचाही क्लॉक वरच्या आकड्यावरून खाली येतो, त्यामुळे हे गणित ढोबळच धरा.)

पानगळ, तुमची पानं एकमेकांवर अजिबात अवलंबून नाहीत. १७ व्या पानाला १६ व्याची वाट पाहायची नसते. म्हणजे तुमचं काम जवळपास शंभर टक्के वाटता येणारं आहे. एका वेळी २४ पानं सोडून बघा.

पानगळ
सोडली. ५२ मिनिटांवरून ११ वर आलं. फरक मोठा आहे, नाकारत नाही, पण २४ पट तर सोडाच, पाचपटही नाही. आणि या वेळी ४८ च्या ४८ पट्ट्या गच्च भरलेल्या होत्या, पंखे जोरात चालू होते. मग ही सगळी मेहनत गेली कुठे?

सावली
मीही मजकूर ओळखण्याचंच काम करते, त्यामुळे हा काटा मला टोचून झालेला आहे. टेसरॅक्ट चौथ्या आवृत्तीपासून एका पानासाठीही स्वतःच ओपनएमपीचे (एक काम अनेक थ्रेडमध्ये वाटणाऱ्या सोयीचे) चार थ्रेड उघडतो. तुम्ही २४ पानं सोडलीत म्हणजे ९६ थ्रेड झाले, आणि जागा ४८. शिवाय हे चार थ्रेड एकमेकांची वाट पाहताना झोपत नाहीत, जागच्या जागी गरागरा फिरत राहतात. एचटॉपला ते फिरणंही कामच वाटतं. म्हणून पट्टी भरलेली दिसते आणि पानं पुढे सरकत नाहीत.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला ओएमपी_थ्रेड_लिमिट हा चल १ करून ठेवा. एकटं पान थोडं सावकाश होईल, पण गठ्ठा झपाट्याने उरकेल.

पानगळ
सावलीताई, मनापासून आभार! एकटं पान सर्व्हरवर ६.५ सेकंदांचं ७.५ झालं, पण पूर्ण गठ्ठा ३ मिनिटं ४० सेकंदांत झाला.

लॅपटॉपवरही तोच बदल केला आणि १६ पानं एकदम सोडली. तिथे ४ मिनिटं १५ सेकंद. म्हणजे सर्व्हर पुढे गेला, पण जेमतेम. २४ कोअर विरुद्ध ८, आणि फरक फक्त ३५ सेकंदांचा?

उंबरठा
मी म्हणत होतो ते हेच. २४ जुन्या कोअरची बेरीज आणि ८ नव्या कोअरची बेरीज जवळपास सारखी भरते. विजेकडेही बघा. दोन झिऑनचे १२० अधिक १२० वॅट, शिवाय पंखे. लॅपटॉपचा प्रोसेसर ४५ वॅटच्या वर्गातला.

रातपाळी
विजेचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर वाद नाही. पण ३:४० हा आकडा मला पटत नाही. त्या दोन प्रोसेसरकडून याहून जास्त निघायला हवं. पानगळ, नुमासीटीएल हा आदेश हार्डवेअरच्या पर्यायासह चालवा आणि दोन्ही नोडपुढे (एक नोड म्हणजे एक प्रोसेसर आणि त्याची मेमरी) मेमरीचा आकार काय येतो ते इथे टाका.

पानगळ
नोड ० पुढे सुमारे ६४ हजार एमबी. नोड १ पुढे शून्य. हे असंच असतं का?

रातपाळी
नाही! दुसऱ्या प्रोसेसरच्या वाट्याला एकही रॅमची पट्टी नाही.

दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये मेमरी एकच दिसली तरी ती दोन घरांत विभागलेली असते. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचे चार चॅनेल असतात आणि त्याच्या शेजारच्या खाचांमधली रॅम ही त्याची घरची रॅम. दुसऱ्याच्या घरचं काही हवं असेल तर मधल्या दुव्यावरून जावं लागतं, आणि त्यात वेळ जातो. तुमचे बारा कोअर प्रत्येक वेळी शेजारच्या घरी पाणी भरायला जातायत. लॅपटॉपला एकच घर, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

मशीन बंद करा, वीजजोडणी काढा, झाकण उघडा. पट्ट्या किती आहेत आणि कुठे बसवल्यात ते सांगा. झाकणाच्या आतल्या बाजूला खाचांचा नकाशा बहुतेक वेळा चिकटवलेला असतो.

पानगळ
चार पट्ट्या, प्रत्येकी १६ जीबी, चारही पहिल्या प्रोसेसरच्या बाजूला. ज्यांनी सर्व्हर दिला त्यांच्याकडे तो कित्येक वर्षं असाच चालू होता म्हणे. झाकणावर नकाशा होता. त्यात पाहून दोन पट्ट्या दुसऱ्या प्रोसेसरकडे नेल्या, त्याने सांगितलेल्या पहिल्या दोन खाचांत. पहिल्यांदा एक पट्टी नीट बसली नाही, चालू केल्यावर ४८ जीबीच दिसली. पुन्हा उघडून दोन्ही टोकांच्या खिट्ट्या टक् आवाज येईपर्यंत दाबल्या, मग ६४ दिसली.

आता तोच गठ्ठा, तेवढीच २४ पानं एकदम: ३ मिनिटं ५ सेकंद. मग २४ ऐवजी ४८ सोडली: २ मिनिटं ३५ सेकंद.

रातपाळी
हा आकडा बरोबर वाटतो. २४ वरून ४८ वर गेल्याने वेळ निम्मा होत नाही हे ध्यानात असू द्या. एका कोअरचे दोन थ्रेड म्हणजे दोन कोअर नव्हेत. एक थ्रेड मेमरीची वाट पाहत थांबला की दुसरा मधल्या वेळात हात चालवतो, इतकंच. तुम्हाला सहावा हिस्सा वेळ वाचला, तो योग्यच आहे. पुढेमागे आणखी चार पट्ट्या मिळाल्या तर दोन्हीकडचे चारही चॅनेल भरा. डीडीआर४-२१३३ चा एक चॅनेल सेकंदाला १७ जीबी देतो, चार भरले की प्रत्येक प्रोसेसरला ६८.

उंबरठा
४:१५ विरुद्ध २:३५. मानलं, सर्व्हर पुढे आहे. तरी सहज मिळणाऱ्या चाचण्यांत हे उलट का दिसतं, तेही कुणी सांगावं. लॅपटॉपचे गुण तिथे खूपदा सर्व्हरच्या वर असतात.

मोजपट्टी
दोन कारणं. एक म्हणजे चाचणी किती वेळ चालते. लॅपटॉपच्या प्रोसेसरला दोन मर्यादा असतात: थोडा वेळ चालणारी वरची आणि कायम टिकणारी खालची. कोअर आय७-१२७००एच घ्या. त्याची मूळ मर्यादा ४५ वॅट आणि टर्बोची ११५. मिनिटभराची चाचणी ११५ च्या जोरावर पार पडते. तासाभराच्या कामात तो जोर टिकत नाही, आणि किती टिकेल हे प्रोसेसरपेक्षा लॅपटॉपच्या पंख्यांवर ठरतं. एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप म्हणूनच वेगळे आकडे देतात. सिनेबेंच आर२३ या चाचणीने दहा मिनिटं सलग चालवणं हाच नेहमीचा पर्याय ठेवला, तो मला आवडला.

दुसरं, चाचणी कोअरकडून काय करून घेते. गीकबेंच ६ मध्ये सगळे कोअर मिळून एकच काम करतात, त्यामुळे कोअर फार वाढले की एकमेकांची वाट पाहण्यातच वेळ जातो आणि सर्व्हरचे गुण खाली दिसतात. एसपीईसी सीपीयू २०१७ मध्ये दोन वेगळे आकडे असतात: स्पीड, म्हणजे एक काम किती लवकर झालं, आणि रेट, म्हणजे अनेक प्रती एकदम चालवून एकूण किती काम उरकलं. पानगळ यांचं काम रेटच्या जातीचं आहे. आपलं काम कुठल्या जातीचं हे ठरवल्याशिवाय गुणांची यादी उघडूच नये.

वाटसरू
मध्येच विचारतो. मी क्लाउडवर आठ व्हीसीपीयूचं (आभासी प्रोसेसरचं) मशीन भाड्याने घेतलंय. आठ कोअरच्या लॅपटॉपपुढे ते अर्ध्याहून कमी वेगाने चालतं. तिथेही हेच कारण का?

रातपाळी
तिथे आणखी एक मेख आहे. इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर एक व्हीसीपीयू म्हणजे बहुतेक ठिकाणी एक थ्रेड, पूर्ण कोअर नाही. तुमचे आठ म्हणजे प्रत्यक्षात चार कोअर. ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटॉनसारख्या आर्म प्रोसेसरवर एक व्हीसीपीयू म्हणजे एक पूर्ण कोअर असतो, त्यामुळे आठ विरुद्ध आठ हीसुद्धा सरळ तुलना नाही. टॉप हा प्रोग्राम उघडून एसटी हा आकडा बघा. तो शून्याच्या वर रेंगाळत असेल तर तुमच्या वाट्याचा वेळ शेजारचं मशीन घेतंय. आणि स्वस्तातला, क्रेडिट संपलं की वेग कमी करणारा प्रकार घेतला असेल तर आधी तोच बदला.

पानगळ
आज दोन्ही मशीनवर सलग दहा गठ्ठे चालवले. सर्व्हरला पहिल्या गठ्ठ्याला २:३५ आणि दहाव्यालाही २:३५. लॅपटॉपला पहिल्याला ४:१५, दहाव्याला ५:०५, आणि कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नव्हतं. म्हणजे चाळीस हजार पानांना सर्व्हर साडेतीन-पावणेचार तास घेईल, लॅपटॉप सात.

उंबरठा, तुमचा विजेचा हिशोबही मांडून पाहिला. प्रोसेसरच्या ठरावीक वॅटनेच धरलं तर एका गठ्ठ्याला सर्व्हर सुमारे १० वॅट-तास खातो आणि लॅपटॉप ४ पेक्षा कमी. हे आम्हाला गटात सांगावंच लागेल. मशीन रात्रंदिवस चालू ठेवायचं नाही, पानं साठली की चालू करायचं आणि काम झालं की बंद, असं ठरवतोय.

सावली
एक गोष्ट राहिली, आणि तुमच्या कामात तिला मोल आहे. सर्व्हरची रॅम ईसीसीची, म्हणजे स्वतःची चूक ओळखून दुरुस्त करणारी, असते. दर ६४ बिटांमागे ८ बिट जास्तीचे. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये ज्या संकेताने वाट दाखवली त्याच जातीची ही युक्ती: एक बिट उलटला तर जागीच दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळतं. लॅपटॉपमध्ये सहसा ही सोय नसते. तिथे उलटलेला बिट गुपचूप फाइलमध्ये जातो. असं वारंवार होत नाही, पण जुन्या पुस्तकाचं एखादं अक्षर असं बदललं तर पुढे कुणाला पत्ताही लागणार नाही. वेगाच्या कुठल्याच चाचणीत याचे गुण धरत नाहीत. मी अंतिम प्रती म्हणूनच सर्व्हरवर काढते.

पानगळ
हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मग ठरलं. स्क्रिप्टमध्ये बदल करून बघणं, एखादं डागाळलेलं पान वेगवेगळ्या प्रकारे साफ करून तपासणं, हे लॅपटॉपवर, कारण तिथे एका पानाचं उत्तर चार सेकंदांत समोर येतं. गठ्ठे आणि अंतिम प्रती सर्व्हरवर.

आत्ता संध्याकाळी पूर्ण काम सोडलंय. ४८ पट्ट्या भरल्यात, आणि या वेळी त्या खरंच काम करतायत, कारण बाहेर पडणाऱ्या फाइलींचा आकडा बघता बघता वाढतोय. हे लिहीपर्यंत ६,२०० पानं झाली. जी पानं अडकतील त्यांची यादी उद्या इथे टाकतो. सावलीताई, त्यातल्या दोन स्तंभांच्या पानांबद्दल तुम्हालाच विचारणार आहे.

सावली
टाका. स्तंभ वेगळे करण्याचा पर्याय कोणता वापरलात तोही सोबत लिहा, म्हणजे मला इथे तेच पान चालवून बघता येईल.